पंधरा फुटांवरचा मध

आपल्या हातच्या वस्तूची तारीफ आपल्याच तोंडानं करू नये, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. पण ज्यानं कुणी शिकवलं त्याला आयुष्यात कधी काही विकावं लागलं नसणार. माझी आई जन्मभर लोणचं वाढताना "यंदा जरा बिघडलंच" असं म्हणत आली आणि पाहुणे तीनतीनदा मागून घेत आले. मीही त्याच वळणाची. त्यामुळे एकाहत्तराव्या वर्षी माझ्यावर मध विकायची वेळ आली तेव्हा मला माश्यांची भीती वाटली नाही. बाटली पुढे करून "फार छान आहे, घ्या" असं म्हणायचं कसं, या एका विचारानं मात्र माझी झोप उडाली.

उपाय गयाबाईनं काढला. गयाबाई म्हणजे माझी भिंतीपलीकडची शेजारीण. तिच्याकडे पाच कोंबड्या आहेत आणि तिचीही अडचण हीच. ती म्हणाली, "माह्या कोंबडीचं अंडं चांगलं हाय, असं मीच कशी म्हनू वो? लोक म्हनतीन, म्हातारी लालची झाली." मग असं ठरलं की तिची अंडी मी खपवायची आणि माझा मध तिनं. दुसऱ्याच्या वस्तूची तारीफ कितीही करता येते, त्यात संकोच नाही.

आता यातली गंमत अशी की मी अंडं खात नाही. तरीही सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या बायकांमध्ये मी त्या अंड्यांच्या बलकाच्या रंगाचं असं काही वर्णन करू लागले की एका डॉक्टरीणबाईंनी मला ऑम्लेट कशानं फुगतं ते विचारलं. आणि गयाबाईला मधुमेह. मधाचा थेंब तिला तिच्या डॉक्टरनं मना केलेला. पण त्यांच्या समाजाच्या महिला मंडळात ती माझ्या मधाबद्दल बोलायची तेव्हा ऐकणारीला वाटावं, हिनं सकाळीच वाटीभर खाल्लाय.

आमची ओळख शहात्तर सालची. मी वर्ध्याहून लग्न होऊन भिलाईला आले, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये खाली आम्ही आणि वर हे लोक. तिचा नवरा तेजराम पोलाद कारखान्यात वेल्डर, माझे हे, म्हणजे शामसुंदर, तिथल्याच टाइम ऑफिसात. म्हणजे तेजराम भाऊजी कामावर आले की नाही ते माझा नवरा लिहायचा. रिटायर व्हायच्या आधी दोघांनी रिसालीला शेजारी शेजारी प्लॉट घेतले. मधली भिंत उठत होती तेव्हा आम्ही दोघी मिस्त्रीपुढे जाऊन उभ्या राहिलो आणि म्हटलं, इथं जागा सोड. तेजराम भाऊजींनी सुपेल्याहून भंगारातले लोखंडी अँगल आणून फाटक केलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी कड्या बसवल्या. त्यांच्या मते जे फाटक दोन्हीकडून बंद होत नाही ते फाटकच नव्हे. सव्वीस वर्षांत त्या कड्या कुणी लावल्या नव्हत्या. एकदा कोंबड्यांनी माझी कोथिंबीर साफ केली तेव्हा मी लावली होती, पण ती अर्धा तास.

माश्यांचं कसं सुरू झालं ते सांगते. हे एका संस्थेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. खरं कारण हे की तिथं दुपारचं जेवण होतं. पण परत आले ते एक लाकडी पेटी, जाळीची टोपी आणि नत्थूजींचा फोन नंबर घेऊन. नत्थूजी हे शिकवणारे, धमधा बाजूच्या गावाकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मोहोळं पाहत आलेले. परसात रस्त्याकडच्या भिंतीजवळ स्टुलावर पेटी ठेवली आणि ह्यांनी दुसऱ्याच दिवशी नवं रजिस्टर आणलं. पस्तीस वर्षं माणसांची हजेरी घेतलेला माणूस, मार्चपासून माश्यांची घेऊ लागला. खुर्ची टाकून बसायचे, दहा मिनिटांत किती बाहेर गेल्या, किती आत आल्या. आत आलेल्या कमी भरल्या की दिवसभर चेहरा उतरलेला. मी म्हटलं, येतील, फुलं जरा लांब असतील. हे म्हणाले, "लांब असो की जवळ, रिपोर्टिंग तर वेळेवर पाहिजे न."

उन्हाळ्यात आमच्याकडे ऊन असं तापतं की चप्पल परसात विसरली तर पुन्हा घालताना पाय पोळतो. त्या दिवसांत घरातला कूलर खिडकीतून काढून पेटीकडे तोंड करून लावला. आम्ही दोघं पंख्याखाली. शेजारपाजारचे सल्ले तेव्हापासून सुरू झाले. कुणी म्हणालं पेटीला काळा दोरा बांधा. कुणी म्हणालं दक्षिणेकडे तोंड नको. एका गृहस्थांनी अर्धा तास भिंतीवर हात ठेवून मला माश्या पाळण्यातले धोके सांगितले आणि शेवटी विचारलं, आतमध्ये माश्या आहेत की अजून यायच्या आहेत?

डिसेंबरच्या सुरुवातीला नत्थूजी स्वतः आले, वरच्या मजल्यातल्या चौकटी काढल्या आणि मध गाळला. सगळा नाही काढला. दोन चौकटी तशाच आत ठेवल्या. त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले, ये उनके हिस्सा हे, दाई, जाड़ म काय खाहीं? म्हणजे, हा त्यांचा वाटा, आई, थंडीत त्या काय खातील? त्यांचं ते बोलणं मला फार आवडलं. स्टीलच्या भांड्यात तो मध पडत होता तेव्हा ह्यांनी रजिस्टर मिटलं आणि खुर्ची भांड्यापाशी ओढून घेतली. 

पण मध काढणं सोपं. तो शुद्ध आहे हे पटवणं कठीण, आणि ती परीक्षा प्रत्येक घराची वेगळी. पहिल्या बाईंनी त्यात काडी बुडवून पेटवून पाहिली. दुसरीनं पाण्याच्या ग्लासात धार सोडली आणि तो ग्लास तसाच मोरीत ओतला. तिसरीच्या नवऱ्यानं वर्तमानपत्रावर थेंब टाकून मागून दिसतो का ते पाहिलं. एकीचं म्हणणं, खरा मध कुत्रा चाटत नाही. तिच्या मोन्या कुत्र्यानं तो चाटला आणि वाटीही चाटली, तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला कुत्र्याच्या वतीनं माफी मागावीशी वाटली. एक बाटली तर नुसती परीक्षा देऊन संपली.

गयाबाई मात्र असल्या परीक्षा होऊ देत नसे. आपल्या मंडळात तिनं एकच वाक्य सांगितलं होतं, ते मला उन्नतीनं, तिच्या नातीनं, सांगितलं. "रत्नाचा मध हाय. पन्नास वर्सं झाली, तिनं मले खोटं नाही सांगतलं. आनखी का पाह्यजे?" त्या एका वाक्यावर नऊ बाटल्या गेल्या. हे ऐकलं तेव्हा मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

आणि मग थंडी पडली.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा तो. एका सकाळी आमच्याच फडताळातली बाटली मी पाहिली तर मध तळापासून पांढरट झालेला, दाणेदार, चमचा उभा राहील असा. मी नत्थूजींना फोन लावला. ते हसले. म्हणाले, दाई, जाड़ म मंदरस जम जाथे, असली हे तभे तो जमथे. मंदरस म्हणजे मध. खरा असला की थंडीत तो जमतोच, जरा कोमट पाण्यात बाटली ठेवा, सुटतो. फोन ठेवल्यावर ह्यांनी रजिस्टर चाळलं तर प्रशिक्षणाच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, "थंडीत गोठतो. घाबरू नये." मी विचारलं, हे मला सांगितलं का नाही? म्हणाले, "तुला घाबरायचं नव्हतंच न."

पण तोवर उशीर झाला होता. दुपारी गयाबाई फाटकातून आली, हातात पिशवी, पिशवीत सहा बाटल्या. सहाही पांढऱ्या. तिनं त्या माझ्या ओट्यावर एकेक करून ठेवल्या. मंडळाच्या बैठकीत चार बायांनी तिला घेरून विचारलं होतं की ही कोणती साखर आहे, घरची की रेशनच्या सोसायटीची. तिचा चेहरा पडलेला. मी तिला पाट दिला, पाणी दिलं. ती बसली नाही.

"रत्ना," ती म्हणाली, "साखर त नाही न टाकली?"

एवढंच. आज विचार केला तर तिचं काय चुकलं? चारचौघींत तिची मान खाली गेली होती. मी नुसतं म्हणायचं होतं, अगं, थंडीनं जमतो, बस, दाखवते. पाणी गरम करायला दोन मिनिटं लागली असती. पण मला ते शब्द कानशिलात बसले. पन्नास वर्षं एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला. मी म्हटलं, "तुला तसं वाटत असेल तर टाकली असेल."

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "असं हाय का. बरं मंग, रत्नमालाबाई." आणि गेली. फाटकाला पलीकडून कडी लागल्याचा आवाज मी ओट्यापाशी उभी राहून ऐकला. मग मीही जाऊन अलीकडून लावली. तेजराम भाऊजींची कारागिरी चांगली, दोन्ही कड्या सव्वीस वर्षांनंतरही एका झटक्यात बसल्या.

त्यानंतरचे अठरा दिवस मला आठवायला नको वाटतात. माझ्याकडे मध साठला, तिच्याकडे अंडी. स्वतःची वस्तू स्वतः विकायची दोघींनाही सोय नाही. भिंतीपलीकडून रोज अंड्याच्या भुर्जीचा वास यायचा, म्हणजे बिचारे तेजराम भाऊजी तिन्ही त्रिकाळ तेच खात असणार. आमच्याकडे ह्यांना पोळीबरोबर मध, दुधात मध, शेवटी एकदा मी वरणात गुळाऐवजी मध घातला. हे फक्त "फाटकाची कडी गंजते म्हणतात लावून ठेवली की," एवढं म्हणून उठले.

मी सफाई द्यायला जाणार नव्हते. तिनं विचारायलाच नको होतं. हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा मनात म्हटलं की ते मला पाठ झालं आणि त्यातला अर्थ निघून गेला.

अशात महापालिकेची नोटीस आली. आमच्या परसाच्या बाजूनं गल्ली जाते आणि तिथं सुशीलजी आपली नवी पांढरी गाडी उभी करतात. त्यांचे कोचिंग क्लास आहेत. थंडीच्या दिवसांत ऊन निघालं की माश्या पोट मोकळं करायला एकदम बाहेर पडतात, हे मला नव्यानंच कळलं होतं. त्यांना सुशीलजींची गाडी सोयीची वाटली. रोज तिच्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके. सुशीलजींनी आधी झाडाला दोष दिला, झाड छाटलं. मग चिमण्यांना. मग एक दिवस ते आमच्या भिंतीवरून ह्यांना रजिस्टरात काहीतरी मांडताना पाहून थबकले आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी तक्रार केली.

नोटीस हिंदीत होती आणि सोबत एक फॉर्म. बहुधा मधमाश्यांसाठी फॉर्म नसल्यामुळे गाईम्हशींचाच पाठवला होता. पशूचा प्रकार, संख्या, रंग, शिंगांची ठेवण, कानातल्या बिल्ल्याचा नंबर. हे दोन दिवस त्या फॉर्मपुढे बसले. त्यांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना कधी रिकामा सोडला नव्हता. संख्येपुढे लिहिलं, अंदाजे नऊ हजार, पैकी कामावर हजर चार हजार. शिंगांपुढे लिहिलं, मिशा आहेत. फॉर्म घेऊन गेले तर खिडकीतल्या माणसानं लसीकरणाचा दाखला मागितला. मग दुसऱ्या खिडकीतल्या ऐश्वर्या मॅडमनी तो कागद वाचला, हसल्या नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, आणि सांगितलं की पेटी सार्वजनिक रस्त्यापासून पंधरा फूट आत न्या, आठवड्याभरात मी येऊन मोजते, नाहीतर पेटी उचलावी लागेल.

हे घरी आले आणि म्हणाले, "त्यात काय, एका शटडाऊनमध्ये शिफ्ट करून टाकू." कारखान्यात मोठी यंत्रं अशीच हलवतात म्हणे. यंत्र बंद करायचं, उचलायचं, नव्या जागी ठेवायचं, सुरू करायचं. संध्याकाळी माश्या आत आल्यावर ह्यांनी पेटीचं तोंड जाळीनं बंद केलं, एकट्यानं उचलली, पेरूच्या झाडाखाली नेली, टेपनं मोजली. सोळा फूट. रजिस्टरात नोंद केली आणि कमरेला हात लावून बसले. कंबर तेव्हाच गेली होती, पण सांगितलं सकाळी.

सकाळी जाळी काढली. माश्या निघाल्या, फुलांवर गेल्या आणि दहा वाजता झुंडीनं परत आल्या. आपल्या जुन्या जागेवर. तिथं स्टूल होतं, पेटी नव्हती. सोळा फुटांवर त्यांचं घर उभं होतं आणि एकीनंही तिकडे मान वळवून पाहिलं नाही. बराच वेळ त्या रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहिल्या. मग सगळ्या मिळून भिंत ओलांडून गेल्या आणि सुशीलजींच्या गाडीच्या बाजूच्या आरशावर बसल्या. नारळाएवढा काळा घोस. सुशीलजी तेव्हाच बॅग घेऊन बाहेर येत होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि रिक्षा थांबवली. त्यांच्या त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली.

मी नत्थूजींना फोन लावला. ते म्हणाले, माशी घर ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी पहिल्या जागी ठेवा, येतील. हलवायची असेल तर दिवसाला तीन फूट, जास्त नाही. नाहीतर एकदम तीन कोस.

हे पलंगावर आडवे, कूस बदलताना "आई गं" म्हणत होते. मी पेटीपाशी गेले. एकटीनं हलेना. आत घरी राहिलेल्या माश्या घोंगावत होत्या, बाहेर आरशावर बाकीच्या. तेवढ्यात पलीकडून कडी सरकल्याचा आवाज आला. मी अलीकडची काढली. काढली म्हणजे हात आपोआप गेला. गयाबाई आत आली, पदर खोचला, पेटीची दुसरी बाजू धरली. आम्ही ती उचलून जुन्या स्टुलावर ठेवली. पंधरा मिनिटांत आरशावरचा घोस विरळ होत होत पेटीत शिरला. ती शेवटची माशी आत जाईपर्यंत उभी राहिली आणि गेली. तिकडून कडी लागली.

नोटिशीच्या मागच्या बाजूला आणखी एक अट होती, ती ह्यांनी वाचलीच नव्हती. कुठल्याही घराच्या दारापासून दहा फूट लांब. आमचं परस चिंचोळं. पेरूचं झाड आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला लागून. रस्त्यापासून पंधरा आणि दारापासून दहा, अशी जागा आम्हाला एकच दिसली, गयाबाईच्या परसात, जांभळाखाली, कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे. म्हणजे तिच्याकडे जाऊन मागायची. आणि मागितली नाही तर आठवड्यानं पेटी जाणार, मग ह्यांनी खुर्ची टाकून कुणाची हजेरी घ्यायची?

मी गेले. फाटकानं नाही, रस्त्यानं गेले, पुढच्या दारानं, पाहुणी जाते तशी. चप्पल काढून उभी राहिले. तेजराम भाऊजींनी टीव्ही बंद केला. मी नोटीस वाचून दाखवली, नत्थूजींचं म्हणणं सांगितलं, जागा मागितली. गयाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माश्याईसंग माहं भांडन नाही."

तेवढ्यावर सुरू झालं. रोज संध्याकाळी माश्या आत आल्या की ती फाटकातून यायची. ह्यांची कंबर गेलेली, तेजराम भाऊजींचा गुडघा बदललेला, म्हणून उचलायच्या आम्हीच. ती एक बाजू, मी एक बाजू, मागून हे टेप धरून, "तीन फूट, झालं, ठेवा." भिंतीच्या कडेकडेनं फाटकाकडे. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, डाव्या हातानं धरा, विटेला अडेल. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, कोंबड्या बऱ्या आहेत का. ती म्हणाली, आहेत. मग जाताना पाठमोरीच म्हणाली, की पांढरी कोंबडी अंड्यावर बसायला लागलीय, उठत नाही. मी म्हटलं, बसू द्या. मी तिला अहो-जाहो करत होते, ती मला. पन्नास वर्षांत आम्ही असं बोललो नव्हतो. तोंडात खडा आल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी ती बेसनाचा एक लाडू ह्यांच्यासाठी घेऊन आली. ह्यांच्यासाठी, मला नाही. हे पलंगावरून उठून मोजायला आले होते, तिथंच उभ्यानं खाल्ला.

पाचव्या दिवशी पेटी फाटकाच्या मधोमध आली. तिथं उंबरठ्यासारखी एक वीट आडवी आहे, त्यावर स्टुलाचा एक पाय चढला, पेटी कलंडली. आम्ही दोघींनी ती धरली, पण वरचं झाकण सरकून पडलं आणि आतून एक माशी सरळ माझ्या हनुवटीवर येऊन बसली. बसली आणि चावली. मी ओरडले नाही, कारण दोन्ही हात पेटीला होते आणि ओरडून उपयोग नव्हता. पेटी नीट टेकली तेव्हा गयाबाईनं माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली, नखानं नांगी खरवडून काढली आणि कनवटीची चुन्याची डबी उघडून तिथं चुना लावला.

"कावून नाही ओरडली तू?" ती म्हणाली.

मी झाकण उचलायला वाकले. आणि तिनं माझा हात धरला. ती वर उघड्या पडलेल्या चौकटीकडे पाहत होती. नत्थूजींनी माश्यांच्या हिश्श्याच्या म्हणून ठेवलेल्या दोन चौकटींपैकी ती एक. काही घरांवरचं मेणाचं झाकण उघडलेलं, आणि आत मध. पांढरा, दाणेदार, जमलेला. आमच्या कुणाच्या हाताचा त्याला स्पर्श नव्हता. ती चौकट डिसेंबरनंतर कुणी बाहेर काढली नव्हती.

गयाबाईनं करंगळीनं थोडा काढला. मी म्हटलं, अगं, तुला डॉक्टरनं... तिनं तो तोंडात घातला. बराच वेळ तोंड हलवत राहिली. दाण्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

"हे त आतच जमलं न वो," ती म्हणाली.

 माझं ते पाठ झालेलं वाक्य मी शोधत होते, तिनं विचारायलाच नको होतं ते, पण सापडेना.

"मी तुले असं इचाराले नोको होतं," ती म्हणाली.

"मी तसं उत्तर द्यायला नको होतं."

"हो, ते बी हाय," ती म्हणाली, आणि झाकण लावलं. "अन् गोड हाय. मी बायाईले उगाच नव्हतो सांगत."

मागून हे म्हणाले, "पंधरा फूट."

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई आपल्या मंडळातल्या तीन बायांना घेऊन आली आणि त्यांना फाटकापाशी उभं केलं. ह्यांना टोपी घालून झाकण उघडायला लावलं. बाया लांबूनच वाकून पाहत होत्या. मी आत गेले, कारण आपल्याच मधाची तारीफ ऐकत उभं राहणं मला अजूनही जमत नाही. त्या परतल्या तेव्हा सहापैकी पाच बाटल्या त्यांच्याबरोबर गेल्या. सहावी गयाबाईनं ठेवून घेतली. म्हणाली, औषधाले, म्हणजे पुन्हा कुणी शंका काढली तर दाखवायला.

ऐश्वर्या मॅडम त्याच संध्याकाळी आल्या. त्यांना माश्यांची भीती, म्हणून त्या गल्लीत उभ्या राहिल्या आणि टेपचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं. मी ते पेटीपर्यंत नेलं. पंधरा फूट चार इंच. दोन्ही घरांच्या दारांपासून मोजलं, तेही भरलं. मी त्यांना सांगितलं, अजून प्रवास बाकी आहे, जांभळापर्यंत न्यायची आहे, आणखी सहा दिवस लागतील. त्या म्हणाल्या, त्याची काय गरज आहे, नियमात तर इथंच बसतंय. आणि कागदावर सही करून टाकली.

मी गयाबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे.

"राहू दे न वो तिथंच," ती म्हणाली.

त्यामुळे आता आमची पेटी फाटकात आहे. एका बाजूच्या खांबाला टेकवून ठेवली आहे, तोंड पूर्वी होतं तसं आमच्या परसातल्या पारिजातकाकडे, आणि मागून जायला दीड हात वाट. आम्ही दोघीही बारीक नाही. अंडी किंवा बाटल्या डोक्यावर धरून तिरपं होऊन जावं लागतं. पण फाटक काही बंद होत नाही, होऊच शकत नाही. आठ दिवस ते उघडं लटकलेलं पाहून तेजराम भाऊजींना चैन पडेना. न लागणारं फाटक म्हणजे काय, म्हणाले, आणि त्यांनी ते बिजागऱ्यांसकट काढलं, कापलं आणि त्या अँगलचं एक भक्कम स्टँड केलं. नत्थूजी मार्चमध्ये दुसरी पेटी आणून देणार आहेत, हे स्टँड त्या पेटीसाठी. सुशीलजींना मी गाडीवर घालायला जुनी सतरंजी दिली आहे आणि एक बाटली. त्यांनी ती काडी लावून पाहिली असं ऐकलं.

हे आता खुर्ची फाटकापाशीच टाकतात. दुसरं काही काम नसल्यामुळे माश्यांबरोबर आमचीही नोंद ठेवायला लागले. परवा महिनाअखेर होती. चष्मा लावून रजिस्टर पाहत होते, कपाळाला आठ्या. विचारलं तर म्हणाले, "गयाबाई या महिन्यात एकशे चार वेळा आत आल्या आणि एकशे तीनच वेळा बाहेर गेल्या. एक कुठं तरी चुकून राहिलं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत होती.